अर्जाआधी वही : वस्तीतील मंडळांनी अनुदान कसे मागावे?



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या औद्योगिक पट्ट्यात आपल्या लोकांची मंडळे किती आहेत हे मोजू गेल्यास बोटे अपुरी पडतील. तरुण मंडळ आहे, महिला मंडळ आहे, विहार समिती आहे, बचत गट तर गल्लोगल्ली आहेत. या मंडळांच्या बैठकीत बसले की एक वाक्य हटकून ऐकू येते : "आपल्याला कोणी अनुदान देत नाही." हे वाक्य अगदीच खोटे नाही. परंतु ते पूर्ण खरेही नाही, आणि ते कसे ते माझ्याच मंडळाच्या फजितीवरून सांगतो.

आमच्या वस्तीत बहुतेक घरे एका खोलीची. बाप तीन पाळ्यांत कामाला. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपणार. मग त्याच खोलीत पोराने मोठ्याने वाचायचे कुठे? दहावीच्या मुलामुलींसाठी अभ्यासिका काढावी असे आमच्या मंडळाने ठरविले. समाजमंदिराची खोली होती, शिकविण्यास तयार असलेले दोन पदवीधर होते, नव्हते ते टेबल-खुर्च्या, पुस्तके आणि वर्षभराचा खर्च. एका कारखान्याचे अधिकारी जागा पाहून गेले. त्यांना काम पसंत पडले. त्यांनी एवढेच सांगितले, की संस्थेची कागदपत्रे पाठवा.

कागदपत्रे काढली तेव्हा आमचे डोळे उघडले. धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी आमच्या कार्यकारिणीची जी यादी होती ती अकरा वर्षांपूर्वीची होती. त्यातील दोघांच्या पुण्यानुमोदनाला आम्हीच हजर होतो! आम्ही दर तीन वर्षांनी निवडणूक घेत होतो, हार-तुरे घालत होतो, पण बदलाची नोंद कोणी केलीच नव्हती. कागदोपत्री आमचे अध्यक्ष हयात नव्हते आणि हयात अध्यक्ष कागदोपत्री नव्हते. नोंद दुरुस्त करण्यास वेळ लागला, मार्चअखेर उलटली आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे गेली. त्या वर्षीच्या दहावीच्या मुलांना अभ्यासिका मिळाली नाही. दोष कारखान्याचा नव्हता, सरकारचाही नव्हता. दोष आमचा होता.

मी आयुष्यभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम केले. तेथे चिठ्ठीशिवाय एक नट-बोल्टही बाहेर जात नसे. आणि मंडळाचा कारभार मात्र आम्ही तोंडी चालविला! या अनुभवातून जे शिकलो ते धड्यांच्या स्वरूपात येथे मांडत आहे.

अनुदान ही भीक नव्हे

आपल्यातील काही स्वाभिमानी मंडळींना अर्ज करणेच कमीपणाचे वाटते. त्यांनी थोडा इतिहास आठवावा. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. बाबासाहेब तिच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते. ही सभा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदविलेली होती. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले आणि त्या वसतिगृहाच्या खर्चासाठी सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले.

यात तीन गोष्टी आहेत. संस्था नोंदणीकृत होती. काम नेमके होते : वसतिगृह, ठिकाण सोलापूर. आणि मदत देणारी होती स्थानिक नगरपालिका, म्हणजे ज्या गावच्या मुलांची सोय होणार त्याच गावची. शंभर वर्षे झाली, तरी अनुदानाचे गणित हेच आहे. नगरपालिकेचा पैसा हा आपण भरलेल्या कराचा पैसा आहे. तो मागण्यात लाज नाही. लाज आहे ती मिळालेल्या पैशाचा हिशेब देता न येण्यात.

धडा पहिला : कागदावर आपण कोण आहोत?

अर्ज लिहिण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा. वस्तीतील संघटना साधारणतः तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार बचत गटाचा. दहा-वीस भगिनी एकत्र येतात, बचत करतात, बँकेत गटाच्या नावाने खाते उघडतात. ग्रामीण भागात २०११ पासून 'उमेद' अभियानाकडून आणि १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाकडून अशा गटांना मार्गदर्शन मिळत आले आहे. गटाची कसोटी म्हणजे पंचसूत्री : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. फिरता निधी असो वा बँकेचे कर्ज, प्रथम गटाचे दप्तर पाहिले जाते. म्हणजे गटाच्या बाबतीत वही हाच अर्धा अर्ज होय.

दुसरा प्रकार नुसत्या मंडळाचा. फलक आहे, पावती पुस्तक आहे, जयंतीला वर्गणी आहे, पण नोंदणी नाही. अशा मंडळाला लोकवर्गणीवर कार्यक्रम करता येतो, मात्र संस्था म्हणून अनुदान मागता येत नाही.

तिसरा प्रकार नोंदणीकृत संस्थेचा. १८६० च्या कायद्याखाली नोंदणीस किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. म्हणून आपल्याकडे दोन प्रमाणपत्रे असावयास हवीत. कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावयाचा असतो. मुदत टळली असल्यास विलंब माफीची विनंती करून का होईना, पण तो दाखल करावा. आम्ही अडलो ते नेमके येथेच.

याखेरीज संस्थेच्या नावाचे पॅन कार्ड, दोन वा तीन पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त सह्यांचे बँक खाते, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि नीती आयोगाच्या 'दर्पण' संकेतस्थळावरील नोंदणी, एवढे तयार ठेवावे. या सर्वांच्या प्रती एका फाईलमध्ये क्रमाने लावाव्यात. ती फाईल अध्यक्षांच्या घरी असावी की सचिवांच्या, हा वाद घालण्यापेक्षा तिच्या दोन प्रती कराव्यात.

धडा दुसरा : कोणता दरवाजा?

पुष्कळदा अर्ज चांगला असतो, पण चुकीच्या दारात पडतो. म्हणून कोण काय देते हे समजून घ्यावे.

चाकणच्या आसपास महाळुंगे, निघोजे, कुरुळी अशी गावे ग्रामपंचायतींची. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. जिल्हा परिषदेनेही स्वतःच्या उत्पन्नाचे २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी ठेवावयाचे असतात. कारखान्यांमुळे ज्या ग्रामपंचायतीचे कराचे उत्पन्न मोठे, तिचे १५ टक्केही लहान नसतात. परंतु ही रक्कम मंडळाच्या हाती रोख पडत नाही. काम ग्रामसभेत मांडावे लागते, ते विकास आराखड्यात बसवावे लागते आणि खर्च ग्रामपंचायत करते. येथे एक अडचण ध्यानात घ्यावी. आपल्यापैकी कित्येकांचे घर येथे आणि मत मराठवाड्यात किंवा विदर्भात मूळ गावी! ग्रामसभेचा सभासद होतो तो त्या गावच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. वीस-वीस वर्षे येथे राहून नाव तिकडेच ठेवल्यास ग्रामसभेत आपला हात मोजला जाणार नाही.

शहरात दरवाजा महापालिकेचा. तेथील समाज विकास विभाग, ज्याला जुनी मंडळी अजून नागरवस्ती विभाग म्हणतात, महिला, मागासवर्गीय व दिव्यांग यांच्या योजना पाहतो. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि पुढील वर्षाचे अंदाजपत्रक त्याआधीच तयार होत असते. मार्चमध्ये जाऊन "आमच्यासाठी तरतूद करा" म्हणणाऱ्यास कोणी काही देऊ शकत नाही. पावसाळा सरताच मागणी पोहोचली पाहिजे. शहरी वस्तीतील रस्ता, गटार, समाजमंदिर यांसाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची वस्ती सुधार योजना आहे, परंतु तिचा प्रस्ताव महापालिका वा नगरपरिषद करते. मंडळाचे काम पाठपुराव्याचे. आमदार-खासदार निधीचेही तसेच : शिफारस लोकप्रतिनिधीची, काम शासकीय यंत्रणेचे.

थेट गटाला मदत देणारी योजना कशी असते, याचा नमुना म्हणून समाजकल्याण विभागाची मिनी ट्रॅक्टर योजना पाहावी. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांसाठी आहे. गटातील किमान ८० टक्के सभासद, तसेच अध्यक्ष व सचिव या घटकांतील असावे लागतात. खर्चाची मर्यादा साडेतीन लाख रुपये धरून ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत, शासन देते आणि १० टक्के, म्हणजे ३५ हजार रुपये, गटाने भरावयाचे. यातून शिकण्याजोगी गोष्ट ही, की पात्र गटालाही आपला वाटा आधी जमवावा लागतो. नियमित बचत नसेल तर ३५ हजार रुपये एका आठवड्यात कोठून आणणार?

आता कारखान्यांचा दरवाजा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची असते. यालाच आपण सीएसआर म्हणतो. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे त्याच कलमात म्हटले आहे. ज्यांच्या भोंग्यावर आपली घड्याळे लागतात त्यांच्या परिसरात आपणच येतो. तेव्हा आपली मागणी परक्याची नाही.

मात्र या निधीची कोणती कामे चालतात, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. शिक्षण, आरोग्य, स्वच्छता, व्यवसाय-प्रशिक्षण ही कामे त्यात बसतात. मिरवणूक, मंडप, एका दिवसाचा सत्कार समारंभ बसत नाही. शिवाय बाहेरच्या संस्थेस काम द्यावयाचे तर तिला आयकर खात्याच्या सवलतीची नोंदणी असावी लागते. वकील-हिशेबनीस तिला '१२ ए' आणि '८० जी' या जुन्या नावांनी ओळखतात. अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी खात्याकडे 'सीएसआर-१' या नमुन्यात नोंदही लागते.

हे वाचून लहान मंडळाने निराश होऊ नये. अनुभवी, विश्वासू संस्थेबरोबर लेखी करार करून काम करता येते : निधी व हिशेब त्या संस्थेकडे, जागा, माणसे आणि मुले आपली. फक्त ती संस्था परदेशी निधीतून आपल्याला पैसे देते म्हणाली तर थांबावे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेने दुसरीकडे वर्ग करण्यास मनाई आहे.

धडा तिसरा : अर्ज कसा लिहावा?

आमचा पहिला अर्ज चार पानांचा होता. त्यात साडेतीन पाने महापुरुषांचा गौरव आणि अर्धे पान मागणी! देणाऱ्याला चार प्रश्न असतात. अडचण कोणाची? तुम्ही नेमके काय करणार? खर्च किती? आणि काम झाले हे कसे कळणार? याच क्रमाने, दोन पानांत उत्तरे द्यावीत.

"वस्तीतील मुले मागास राहिली आहेत" असे लिहू नये. "आमच्या वस्तीत या वर्षी दहावी-बारावीची ४० मुले-मुली आहेत; त्यांची नावांची यादी सोबत जोडली आहे" असे लिहावे. ही यादी करण्यासाठी घरोघर जावे लागते. जे मंडळ घरोघर गेले त्याचा अर्ज वाचताच ओळखू येतो.

खर्चाचा एक नमुना देतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या बाजारातील दरपत्रके घेऊन ते बदलावेत.

टेबले १०, प्रत्येकी ३,५०० रुपये : ३५,०००
खुर्च्या ४०, प्रत्येकी ६०० रुपये : २४,०००
पुस्तके : २५,०००
कपाटे २, प्रत्येकी ८,००० रुपये : १६,०००
देखरेख करणाऱ्याचे मानधन, दरमहा ४,००० प्रमाणे : ४८,०००
वीज, दरमहा १,००० प्रमाणे : १२,०००
एकूण : १,६०,००० रुपये

यापैकी कपाटे व वीज मिळून २८,००० रुपये मंडळ लोकवर्गणीतून उभे करील आणि १,३२,००० रुपयांची मागणी आहे, असे स्पष्ट लिहावे. म्हणजे एका मुलामागे वर्षाचा एकूण खर्च ४,००० रुपये. हा शेवटचा आकडा अवश्य काढावा. तो देणाऱ्यालाही उपयोगी पडतो आणि आपल्यालाही; कारण खर्च फुगविला असेल तर तो याच आकड्यात उघडा पडतो. "मागा दोन लाख, मिळतील एक" ही बाजारातली रीत येथे चालत नाही.

अर्जासोबत कार्यकारिणीचा ठराव जोडावा. ठराव म्हणजे उपचार नव्हे. सभा कधी झाली, सूचक कोण, अनुमोदक कोण, व्यवहार पाहण्याचा अधिकार कोणास दिला, हे इतिवृत्तात लिहिलेले असावे आणि उपस्थितांच्या सह्या असाव्यात. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. पोच नाही म्हणजे अर्ज नाही. पुढे शासकीय अर्जाचे काय झाले हे कळेना, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून विचारता येते आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. भांडणाची भाषा करण्यापेक्षा तारीख आणि आवक क्रमांक यांची भाषा करावी.

धडा चौथा : पैसे आल्यानंतर

खरी परीक्षा येथे सुरू होते. ज्या कामासाठी पैसे आले त्याच कामावर ते खर्च करावेत. अभ्यासिकेचे पैसे जयंतीच्या मंडपासाठी "तात्पुरते" वळविणे हा गैरव्यवहारच होय, मग मन कितीही स्वच्छ असो. रोखवही त्याच दिवशी लिहावी. मोठी खरेदी तीन दरपत्रके घेऊन, धनादेशाने किंवा बँकेतूनच करावी. पक्के बिल, वस्तूंची नोंदवही, मुलांची हजेरी, सर्व जपावे. वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत द्यावे. पैसे उरले असतील तर तसे कळवावे. ४० मुलांऐवजी २८ आली असतील तर २८ च लिहावे आणि कारण सांगावे. खोट्या हजेरीवर मिळालेले दुसरे अनुदान तिसऱ्या मंडळाचा रस्ता बंद करते. कारण एका मंडळाने खाल्ले की "ही मंडळे अशीच" हा शेरा सगळ्या वस्तीवर बसतो.

दोन धोके मुद्दाम सांगतो. पहिला दलालाचा. "सही करा, मंजुरी मी आणतो, वीस टक्के माझे" असे सांगणारा माणूस मंजुरीआधीच आपली संस्था विकत घेतो. पुढे चौकशी झाली तर तो सापडत नाही, सही करणारा सापडतो. दुसरा धोका घरातला. बचत गट बायकांचा, पण वही नवऱ्याच्या हातात, अशी उदाहरणे आपल्याकडे आहेत. ज्या भगिनीची सही आहे तिला त्या सहीखाली काय लिहिले आहे हे वाचता आले पाहिजे. येत नसेल तर बैठकीत मोठ्याने वाचून दाखविले पाहिजे. रक्कम ठाऊक नसताना केलेली सही हा अंगठाच होय.

शेवटी

आमचा बदल अर्ज पुढे मंजूर झाला. दुसऱ्या वर्षी आम्ही दोन पानांचा अर्ज केला, मुलांची यादी जोडली आणि अभ्यासिका सुरू झाली. पहिल्या वर्षी गेलेली मुले मात्र परत दहावीला बसायला आली नाहीत. त्यांतील एक मुलगा आता चाकणला कंत्राटी कामावर आहे. भेटला की नमस्कार करतो, तक्रार करीत नाही. पण त्याला पाहिले की अकरा वर्षांची ती जुनी यादी माझ्या डोळ्यांपुढे येते. एक कागद वेळेवर न दिल्याची किंमत कोणी भरली, हे मला ठाऊक आहे.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच, की हा अंक वाचून झाल्यावर आपल्या मंडळाच्या येत्या बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात. धर्मादाय आयुक्तांकडे आज कोणाची नावे आहेत? शेवटचे लेखापरीक्षण कोणत्या वर्षीचे आहे? रोखवहीत शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे बैठकीतच मिळाली तर आपले मंडळ अर्ज करण्यास तयार आहे. न मिळाली तर त्याच बैठकीत एकेकाला एकेक काम वाटून द्यावे. एवढे झाले तरी या लेखाचे चीज झाले असे मी समजेन.